सेट होईपर्यंत

“आता हलायचं नाही, बोलायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही,” पुरेकर म्हणाले. “सेट होऊ द्यायचं. एकदा सेट झालं, की मग नाचा तुम्ही.”

मी उताणी पडले होते. कोल्हापुरात, रंगराव पुरेकर या शिल्पकाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका लांबलचक बाकावर. डोक्याखाली गोणपाटाची घडी, केसांवर घट्ट आवळलेलं फडकं, तोंडभर खोबरेल तेल, भुवयांवर आणि पापण्यांवर व्हॅसलीनचा थर. दोन्ही नाकपुड्यांत शहाळ्याच्या नळ्या खोचलेल्या आणि भोवतीनं कापूस. अवतार असा, की मला हसू येत होतं आणि नेमकं तेवढंच करायचं नव्हतं.

“भीती वाटतेय का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. त्या दुपारी मला बोलायची परवानगी होती ती एवढ्याच शब्दाची.

“वहिनी, तुम्ही इकडं बसा,” पुरेकरांनी माझ्या आईला बोलावलं. “हिचा हात हातात धरा. श्वास अडकला, भाजलं, जीव घाबरा झाला, काहीही झालं, की पोरी, तू आईचा हात जोरात दाबायचास. वहिनी, तिनं हात दाबला की मला हाक मारायची. मी त्या क्षणी सगळं काढून टाकीन. कळलं?”

“कळलं की,” आई म्हणाली आणि तिनं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात कायम गरम असायचे. मला फार बरं वाटलं.

मग गार, ओलं, जड असं काहीतरी माझ्या कपाळावर पडलं आणि पसरत पसरत डोळ्यांवर, गालांवर, ओठांवर आलं. उजेड गेला. कान तेवढे उघडे राहिले.

हे सगळं चाललं होतं माझ्या आत्यासाठी. ताराआक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, जाऊन वर्ष झालं होतं. आंबेवडीतल्या बायकांना गोळा करून तिनं दूध संस्था काढली, चालवली, वाढवली. आता संस्थेच्या दारात तिचा पुतळा बसवायचा होता. धड तयार होतं. शेडच्या मधोमध शाडूच्या मातीची, नऊवारी नेसलेली, मुंडकं नसलेली आत्या ओल्या फडक्यांत गुंडाळून उभी होती. अडलं होतं ते चेहऱ्यापाशी. आत्याचा एकही फोटो धड नव्हता. सत्कार असो, बारसं असो, आत्या जिथं तिथं मान खाली घालून उभी. आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की भाची आत्याच्या तोंडावळ्यावर गेली आहे. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी. मी आंबेवडीला गेले की म्हाताऱ्या बायका माझी हनुवटी धरून डोळ्यांना पदर लावायच्या. तेव्हा चेहरा माझा घ्यायचा, थोडं वय चढवायचं आणि आत्याच्या धडावर बसवायचा, असं ठरलं.

मी आनंदानं हो म्हटलं होतं. आत्यावर माझा जीव होता. शिवाय सोमवारी मी परभणीला निघणार होते. इंग्रजीत एम. ए. झाले होते, प्राध्यापकीसाठी नव्यानंच सुरू झालेली सेटची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले होते आणि तिथल्या कॉलेजात मला शिकवायची नोकरी लागली होती. घरी माझी बॅग भरून कॉटखाली ठेवलेली होती. जाता जाता आत्याला चेहरा देऊन जायचं, एवढंच मनात होतं.

“आप्पासाहेब, चौथरा सेट झाला का?” पुरेकरांचा आवाज आला. त्यांना हा शब्द फार प्रिय. प्लास्टर सेट, चौथरा सेट, उद्‌घाटनाची तारीख सेट, मंत्री सेट.

“झाला की,” मामा म्हणाले. आप्पासाहेब म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. “फरशी तेवढी बसवायची हाय. तुमी मुंडकं द्या, आमी बसवतो.”

“असं मुंडकं काय म्हणता साहेब, मुखमंडल म्हणा.”

मामा हसले. माझे वडील, अण्णा, हसले. मी आतल्या आत हसले आणि ओठ गच्च दाबून धरले.

काही सुचेना म्हणून मी पुरेकरांच्या लाडक्या शब्दाशी खेळत बसले. कॉलेजात आमचे एक सर सांगायचे, की इंग्रजी तीन अक्षरांचा हा एवढासा शब्द मोठ्या शब्दकोशात पानंच्या पानं अडवून बसलेला असतो. सूर्य मावळतो, तेव्हाही हाच शब्द. मोडलेलं हाड बसवतात, घड्याळ लावतात, दागिन्यात खडा जडवतात, जेवणाआधी पानं मांडतात, सगळीकडे हाच. नाटकातली भिंत हाच आणि माझी परीक्षाही हाच. सरांना मी सांगणार होते, की सर, आता मी स्वतःच या शब्दाखाली सापडले आहे. परभणीला पहिल्या तासाला मुलांना हेच सांगून हसवायचं, असंही मी ठरवून टाकलं.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी कोमट झालं, मग चांगलंच तापलं. वजनही वाढल्यासारखं वाटायला लागलं. नळीतून येणारा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आईनं माझ्या हातावरून अंगठा फिरवला.

“दत्तू, एक बोलायचं हुतं,” मामा अण्णांना म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “हिथंच बोलावं म्हंतो. आक्का म्होरं हाय, लेक म्होरं हाय.”

“बोला की दाजी.”

“घर खायला उठतंय रं. वरीस झालं. चूल पेटती, पर घरात बाई न्हाई. आमच्या प्रतापचं आता समदं सेट झालंय. दुधाच्या दोन गाड्या हायत, शीतगृह हाय. तीस वर्साचा झाला. आक्काची लई इच्छा हुती, भाची सून करून आणायची. रीतीनं पैला हक्क तिचाच की.”

आमच्यात हे खरंच आहे. भावाची लेक बहिणीच्या घरात द्यायची. भाचीच सून म्हणून आली की बाईचं माहेर तिच्या सासरी येतं, असं म्हणतात. माझ्याबद्दल हे अधूनमधून कुणीतरी थट्टेत बोलायचं आणि थट्टेतच विरायचं. आत्याच्या तोंडून मात्र मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, अण्णा आता सांगतील. दाजी, पोरगी सोमवारी परभणीला चालली आहे. दोन वाक्यांचं काम होतं. मी वाट पाहिली.

“आक्कानं मला शिकवलं,” अण्णा म्हणाले. “तिनं नसतं शिकवलं तर मी मास्तर झालो नसतो. तिची इच्छा म्हणजे माझ्यासाठी... मी काय बोलणार, दाजी?”

“मंग झालं तर.”

“पण हेमाची नोकरी आहे. सोमवारी हजर व्हायचंय तिला.”

माझं नाव हेमलता. ते अण्णांच्या तोंडून ऐकून मला इतका धीर आला, की नळीतला श्वास दोनदा वाजला.

“नोकरी काय, आक्काची संस्था हाय की हितं! शिकल्याली बाई चेअरमन पायजेच हाय. ती सेटची का काय परीक्षा झाली न्हवं? मंग आता हितंच सेट व्हायचं. परभणीत कोण हाय तिचं? कुणाच्या घरात ऱ्हाणार, कुठं जेवणार? काय वैनी?”

आईचा अंगठा माझ्या हातावर फिरत होता, तो थांबला.

“हिला विचारायला हवं,” अण्णा म्हणाले, पण अशा आवाजात म्हणाले, की कुणीतरी नको म्हणावं.

“आरं, ही म्होरंच तर हाय. ऐकतीयच की समदं. आन् उद्यापास्नं पितृपंधरवडा लागतोय. मंग पंधरा दिस काय करता येत न्हाई आन् ही तर सोमवारी जाणार. आजच सुपारी फोडून टाकू. साखर, कुंकू समदं गाडीत हाय. आरं ए प्रताप, ती पिशवी आण.”

म्हणजे ठरवूनच आले होते. कुंकू काही कुणी पुतळा बघायला जाताना गाडीत घालत नाही.

पावलं गेली, पावलं आली. पिशवी खाली टेकल्याचा, ताटली वाजल्याचा आवाज आला. प्रताप हा माझा आतेभाऊ तसा भला माणूस. लहानपणी आम्ही एका विहिरीत पोहलो होतो. पण वडिलांपुढं, त्याच्या आबांपुढं, त्याचं तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“आप्पासाहेब, जरा हळू,” पुरेकर म्हणाले. “अजून सेट व्हायचंय. पोरीला हसू आलं तर सगळं फुकट जाईल.”

हसू! डोळे उघडावेत तर पापण्या चिकटलेल्या, मान वळवावी तर तोंडावर दगड, ओरडावं तर ओठांवर कुलूप. माझ्या लग्नाचं माझ्या उशाशी ठरत होतं आणि मला साधं हूं करता येत नव्हतं.

तेवढ्यात अडकित्ता वाजला. कच्च.

तो आवाज मला आत्याच्या सोप्यात घेऊन गेला. एम. ए.च्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी आंबेवडीला गेले होते. आत्या मामांसाठी सुपारी कातरत बसली होती. कातरता कातरता ती म्हणाली, “हेमे, माझी सुपारी फुटली तवा मी चुलीम्होरं भाकऱ्या थापत हुते. भाईर अडकित्ता वाजला. मला वाटलं, पावणे पान खात्यात. मिरजंला नर्सिंगला जायाचं ठरलं हुतं माझं, ट्रंक भरून ठेवली हुती. मंग तीच ट्रंक लग्नात कामाला आली.” एवढं सांगून ती हसली. मी विचारलं, “मग तू काही बोलली नाहीस?” तर म्हणाली, “इचारल्याबिगर कसं बोलायचं, पोरी?” आणि पुढची सुपारी कातरायला घेतली.

आईचा हात! मला एकदम आठवलं. काहीही झालं तर दाबायचा. श्वास अडकला, जीव घाबरा झाला. झालाच होता की. मी आईचा हात दाबला. सगळा जीव बोटांत आणून दाबला.

आईनं आपला दुसरा हात माझ्या मुठीवर ठेवला आणि हलकेच थोपटलं, लहानपणी तापात थोपटायची तसं.

“वहिनी, ठीक आहे ना?” पुरेकरांनी विचारलं.

“बरं हाय,” आई म्हणाली. “बरं हाय तिला.”

मी पुन्हा दाबला. नखं रुतली असतील तिला. ती थोपटत राहिली. तेव्हा मला कळलं, की तिला कळलं आहे. गेला आठवडाभर परभणीचं नाव निघालं की ती गप्प होत होती. एकुलती एक लेक एवढ्या लांब जायची, ती आता तासाच्या वाटेवर राहणार होती. सांगायचं तर, त्या क्षणी मला मामांचा राग आला नाही, अण्णांचा आला नाही, तो सगळा आईचा आला. अख्ख्या शेडमध्ये मला बोलायला तेवढी एक वाट ठेवलेली होती आणि ती तिनं हातानं बुजवली होती.

“दत्तू, फोड तुझ्या हातानं,” मामांचा आवाज आला. “मघाची पानाची हुती. ही खरी.”

मग जे झालं ते मी ठरवून केलं नाही. प्लास्टर तेव्हा थापलेल्या बर्फीच्या वडीएवढं आळलं होतं. मी जबडा खाली ओढला. ओठ तेलामुळे सुटले, हनुवटीपाशी काहीतरी चर्रकन चिरलं, तोंडात खडूचा भुगा आला. आणि मी सगळा जोर लावून ओरडले, “नाही!”

आत, त्या कवचात, माझाच आवाज माझ्या कानठळ्या बसवून गेला. बाहेर तो केवढा आला कोण जाणे. ताटली खाली पडली. मी आईच्या हातातून हात सोडवला, उठून बसले आणि दोन्ही हातांनी साचा धरून ओढला. पापण्यांचे थोडे केसही गेले त्याच्याबरोबर.

उजेडात पहिल्यांदा काही दिसेना. मग अण्णा दिसले, हातात अडकित्ता, त्यात अख्खी सुपारी, मान खाली. जमिनीवर कुंकू सांडलेलं. दारात प्रताप. मधोमध मुंडकं नसलेली आत्या. मामा माझ्याकडे बघत होते, भूत बघावं तसे. माझं तोंड पांढरंफटक असणार, आणि अर्थातच ते आत्याचं तोंड होतं.

“अहो, काय केलंत हे!” पुरेकर ओरडले. “सेट होतच आलं होतं!”

“मला विचारलं नाही कुणी,” मी म्हणाले. खोकला येत होता.

“इचारायचं काय त्यात?” मामा म्हणाले. “म्होरंच तर हुतीस. एका शब्दानं तरी न्हाई म्हटलीस का?”

“आप्पासाहेब,” पुरेकर रागातच होते, “तोंड मी बंद केलं होतं तिचं! कशी बोलेल?”

मग मामा माझ्या जवळ आले. त्यांचा आवाज कडक नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त जड गेलं. “हेमा, आक्काची इच्छा हुती गं ही. तिच्या शब्दाला तरी...”

“तिनं सांगितलं होतं तुम्हाला?”

“सांगायला कशाला लागतंय? इतकी वर्सं संसार केला.”

“मामा, तुमची सुपारी फुटली तेव्हा आत्या भाकऱ्या थापत होती. तिला वाटलं, पाहुणे पान खातायत. तिची मिरजेला जायची ट्रंक भरलेली होती.”

मामांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा तेव्हा शाळकरी पोर होते, पण घरातच होते. त्यांनी मान आणखी खाली घातली.

“मला कधी बोलली न्हाई ती,” मामा म्हणाले.

“तुम्ही विचारलं होतं?”

हे मी बोलायला नको होतं की हवं होतं, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. मामांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. आत्यावर त्यांचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिच्या आजारपणात त्यांनी तिचं सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं.

“आबा, सोडा आता,” दारातून प्रताप म्हणाला. “मलाबी कुठं इचारलं तुमी?”

अण्णांनी अडकित्त्यातली सुपारी काढली आणि मामांच्या हातात परत दिली. मामांनी ती बंडीच्या खिशात टाकली. कुंकू मात्र कुणी उचललं नाही. ते पुरेकरांच्या बायकोनं झाडून नेलं, तोवर आम्ही मोटार स्टँडवर पोचलो होतो.

सोमवारी मी परभणीला गेले. अण्णा गाडीत बसवायला आले आणि खिडकीशी उभं राहून म्हणाले, “मीच बोलायला हवं होतं.” आई आली नाही. घरातून निघताना तिनं माझ्या हातात दशम्यांचा डबा दिला. मी तो घेतला आणि तिच्याकडे पाहिलं नाही.

पुतळ्याचं पुढं काय झालं ते मला अण्णांनी सांगितलं. दुसरा चेहरा घ्यायला मी नव्हते आणि तारीख तर ठरलेली. पुरेकरांनी तोच चिरलेला साचा सांधला आणि त्यातून चेहरा काढला. ओठ उघडे निघाले. त्यांनी ते मातीनं मिटवून पाहिले. एकदा नाही, अनेकदा पाहिले. पण ओठ मिटले की ती कुणीतरी भलतीच बाई दिसायची. उघडे ठेवले की आक्का. शेवटी त्यांनी मामांना बोलावून घेतलं. हात जोडून म्हणाले, साहेब, माझ्याच्यानं तोंड काही बंद होत नाही.

मामा त्या चेहऱ्यापुढं बराच वेळ उभे होते म्हणे. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या तसंच. बोलू द्या तिला.”

तो पुतळा आज आंबेवडीच्या दूध संस्थेच्या दारात उभा आहे. मान वर, ओठ उघडे. मामा होते तोवर रोज सकाळी स्वतः पाणी घालून तो धुवायचे. आक्का काय बोलत असेल, यावर गावात ज्याचं त्याचं मत आहे. संस्थेचे लोक म्हणतात, दुधात पाणी घालू नका म्हणते. शाळेतली पोरं म्हणतात, घरी जा म्हणते. पुरेकरांनी शेवटपर्यंत सांगितलं, की ती भाषण करतेय आणि ही माझीच कल्पना. खरं काय ते आम्हा मोजक्या माणसांना ठाऊक आहे आणि आम्ही ते कुणाला सांगितलेलं नाही.

मी परभणीतच राहिले. लग्न केलं ते उशिरा आणि मला विचारणाऱ्या माणसाशी. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना त्या तीन अक्षरी शब्दाचे अर्थ विचारायची. मुलं सूर्य सांगायची, घड्याळ सांगायची, टीव्ही सांगायची. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पिंजरा लावून ठेवतात, त्यालाही हाच ना?” मी म्हटलं, हो, त्यालाही हाच. मग मला फळ्याकडे वळून थोडं उभं राहावं लागलं.

आईशी मी बोलत होते, सणाला येत होते, तिच्या औषधपाण्याचं बघत होते. पण तिचा हात मी कधी हातात घेतला नाही. हे तिला कळत होतं. ती तक्रार करत नव्हती.

गेल्या वर्षी प्रतापच्या मुलीनं संस्थेचा कार्यक्रम ठेवला आणि आम्हाला दोघींना बोलावलं. आई आता ऐंशीला टेकली आहे. गाडीतून उतरून पुतळ्यापर्यंत जायचं, तर पायऱ्या. मी मुकाट्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला. तिचा हात अजून तसाच गरम होता.

पुतळ्यापुढं येऊन ती थांबली. वर बघत राहिली. लोक खुर्च्या लावत होते, कुणीतरी माइकमध्ये हॅलो हॅलो करत होतं.

“तवा तू हात दाबलास,” आई म्हणाली. “मला कळलं हुतं.”

“ठाऊक आहे मला.”

“दोन डाव दाबलास.”

“हो.”

मग थोपटलंस का, हे मी विचारलं नाही. ती आत्याच्या त्या उघड्या ओठांकडे बघत होती. मग माझ्या हातावर तिची बोटं आवळली गेली. म्हाताऱ्या बोटांत असेल नसेल तेवढा जोर आणून तिनं माझा हात दाबला.

“काय झालं, आई?” मी लगेच विचारलं. “काय होतंय? सांग मला.”